त्रिस्केल

त्रिस्केल : एका केंद्रापासून निघून एकाच दिशेने वळणाऱ्या तीन भुजांचे प्राचीन चिन्ह. ग्रीक ‘त्रिस्केलेस’ (तीन पायांचा) या शब्दावरून हे नाव पडले. भुजा सर्पिल असतात, आकड्यासारख्या असतात किंवा गुडघ्यात वाकवलेल्या मानवी पायांच्या असतात. आकृती १२० अंशांनी फिरवली की ती स्वतःवर तंतोतंत बसते. आरशात मात्र तिची दिशा उलटते. ‘त्रिक्वेत्रा’ ही तीन पाकळ्यांची गाठ वेगळी. तिच्यात सुट्या भुजा नसतात. या दोहोंची गल्लत जुन्या लेखनात वारंवार आढळते.

आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथील थडग्यात (सु. इ. स. पू. ३२००) गाभाऱ्याच्या टोकाच्या कोनाड्यातील शिळेवर तीन जोडसर्पिलांची आकृती आहे. ती जेमतेम ३० × २८ सेंमी. भरते. अणकुचीदार दगडाने टोचे मारत ती कोरली आहे. तिला सर्रास ‘केल्टिक’ म्हणतात, ते बरोबर नाही. ज्या ला तेन शैलीत (युरोपातील लोहयुगीन केल्टिक कलाशैली) केल्टिक त्रिस्केल बहरले, ती इ. स. पू. पाचव्या शतकातली, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरची. न्यूग्रेंजच्या सर्पिलांना जन्म–मृत्यू–पुनर्जन्म असा अर्थ देतात. त्याला समकालीन लेखी आधार नाही.

आशिया मायनरमधील (आजचे तुर्कस्तान) लिशिया या प्रदेशाच्या नाण्यांवर (इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) मधल्या कड्याला तीन आकडे जोडलेले दिसतात. एकोणिसाव्या शतकातील अनेक अभ्यासकांनी ते फिरत्या सूर्याचे चिन्ह मानले. मात्र याच नाण्यांवर दोन आणि चार भुजांची रूपेही येतात. तेव्हा तीन या संख्येवर उभारलेले अर्थ येथे टिकत नाहीत. दिशेवरूनही अनुमान काढताना जपावे लागते. नाणे पाडण्याच्या ठशावरील आकृती नाण्यावर उलटी उमटते. त्यामुळे कोरणाऱ्याने ठशात उलट कोरण्याची काळजी घेतली नसेल, तर दिशा हा केवळ योगायोग ठरतो.

सिसिलीत अर्थ अधिक स्पष्ट आहे. सिरॅक्यूझचा अगाथोक्लीझ (सत्ता इ. स. पू. ३१७–२८९) याच्या चांदीच्या नाण्यांवर चार घोड्यांच्या रथाच्या वरच्या बाजूस लहानसे त्रिस्केल आहे. पेलोरो, पास्सेरो व लिलिबेओ या तीन भूशिरांमुळे बेटाला ‘त्रिनाक्रिया’ म्हणत. पाय त्यांचेच निदर्शक असावेत. होमरच्या ‘ओडिसी’तील ‘थ्रिनाकिए’ हे नाव बहुधा त्रिशूळवाचक शब्दावरून आले आणि पुढे भूशिरांशी जुळवून बदलले गेले. सिसिलीतील पाल्मा दी मोंतेक्यारो येथील सातव्या शतकातील (इ. स. पू.) भांड्यावरही तीन पाय आहेत. चिन्ह अगाथोक्लीझने प्रथम आणले, हे मत त्यामुळे मान्य करणे कठीण आहे. मध्यभागी गॉर्गनचे (ग्रीक पुराणातील सर्पकेशी राक्षसीचे) मुख व गव्हाच्या लोंब्या असलेले रूप सिसिलीच्या ध्वजावर आहे (२००० पासून).

ब्रिटन व आयर्लंड यांमधील आइल ऑफ मॅन या बेटाचे चिन्ह म्हणजे तीन चिलखती पाय; त्यांच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. नॉर्स (स्कँडिनेव्हियन) राजवट संपून १२६६ मध्ये बेट स्कॉटलंडचा राजा तिसरा अलेक्झांडर याच्याकडे गेले. त्याचा मेहुणा, इंग्लंडचा राजपुत्र एडमंड याला पोपने सिसिलीचा मुकुट देऊ केला होता. पाय त्या नात्यातून आले, असा एक पक्ष. दुसरा पक्ष दहाव्या शतकातील नॉर्स नाण्यांकडे बोट दाखवतो. पण त्यांवर त्रिक्वेत्रा आहे, पाय नाहीत. शिवाय नॉर्स राजांच्या दस्तऐवजांवरील शिक्क्यांवर जहाज असे. म्हणून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्वीकार अधिक संभवनीय वाटतो. ‘कसेही फेका, उभेच राहील’ या अर्थाचे लॅटिन ब्रीद किंचित वेगळ्या पाठाने १६६८ च्या पेनीवर येते. बेटाच्या ध्वजावर (१९३२ पासून) पाय घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. एकेरी कापडावर छापल्यास मागील बाजूस ते उलटे धावतात. दोन्ही बाजू बरोबर हव्या असतील, तर दुहेरी कापड लागते.

भारतात कुरू जनपदाच्या चांदीच्या नाण्यांवर त्रिस्केलसदृश भौमितिक आकृती आढळते. जपानमधील ‘मित्सुदोमोए’ हे तीन स्वल्पविरामांसारख्या थेंबांचे चिन्ह देवळांवर व ढोलांवर दिसते.