कोविडने आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना : पुण्यात अर्ज कसा करायचा

राज्यातले पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. पुढच्या दोन लाटांत या शहरातल्या कितीतरी घरांतला कमावता माणूस गेला. तेव्हा अंगणवाडीत असलेली मुलं अजून शाळेतच आहेत, म्हणून ही माहिती आजही कामाची आहे. सरकारी मदत फक्त दोन्ही पालक गेलेल्या मुलांना मिळते, असा समज मला वस्तीत अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

हा गोंधळ कशामुळे झाला ते आधी सांगते. जून २०२१ मध्ये राज्य सरकारने कोविडमुळे आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. मूल २१ वर्षांचं झालं की ती रक्कम व्याजासह मिळते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृताच्या वारसाला ५० हजार रुपयांचं सानुग्रह साहाय्य सुरू झालं. त्यासाठी मृत्यू कोविडनेच झाल्याचा पुरावा लागायचा आणि अर्जाला मुदतही होती. ज्यांच्याकडे पॉझिटिव्ह रिपोर्ट नव्हता त्यातल्या अनेक जणी तिथेच थांबल्या आणि आपल्याला काहीच मिळणार नाही असं धरून बसल्या.

बालसंगोपन योजना मृत्यूच्या कारणावर अडत नाही. ती कोविडच्या आधीपासूनची आहे. आता तिचं नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं आहे. आई किंवा वडील यांपैकी एक जरी नसेल, मग मृत्यू कोविडने झालेला असो, अपघाताने की हृदयविकाराने, १८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज करता येतो. मूल घरात, नातेवाइकांकडे वाढत असलं पाहिजे. बालगृहात राहणाऱ्या मुलांसाठी ही योजना नाही. २०२३ पासून रक्कम दरमहा २,२५० रुपये आहे, त्याआधी ती ११०० होती. मुलं दोन असतील तर अर्जही दोन, प्रत्येकाचा वेगळा.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. फॉर्म तिथेच मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. फॉर्म भरून देतो म्हणून कुणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नका.

कागद गोळा करायला सर्वांत जास्त वेळ जातो, आणि त्यातही मृत्यूच्या दाखल्याला. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, जिथे गेला तिथे होते. दौंडचा किंवा मुळशीचा माणूस ससूनमध्ये वारला असेल तर दाखला पुणे महापालिकेकडून घ्यावा लागतो, ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. त्यामुळे ‘दाखल्यावर कोविड नाही’ म्हणून घाबरायचं कारण नाही. कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र वेगळं असतं. ते किंवा हॉस्पिटलचे कागद असतील तर सोबत जोडा.

बाकी कागद असे : मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, मुलाचं शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो. उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून निघतो. शाळा उघडण्याच्या दिवसांत तिथे फार गर्दी असते, शक्यतो त्याआधीच काढून ठेवा. खात्याला आधार जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन एकदा विचारा.

एक फोटो मात्र वेगळाच लागतो : घराच्या दारात उभं राहून मूल आणि पालक, दोघांचा एकत्र. जनता वसाहतीतल्या एका ताईंसोबत मी हा फोटो काढायला गेले होते. गल्ली इतकी अरुंद की दार आणि माणसं एका चौकटीत मावेनात. शेवटी समोरच्या घराच्या जिन्यावर चढून मी तो काढला. त्यांचं काम मात्र फोटोने अडलं नाही, नावाने अडलं. मुलीच्या आधारवर आडनाव एक आणि शाळेत दुसरं. ती दुरुस्ती होईपर्यंत दोन महिने गेले. म्हणून सगळे कागद समोर पसरा आणि नाव, आडनाव, जन्मतारीख एकेक अक्षर ताडून बघा. चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा, मग अर्ज द्या.

अर्ज दिल्यावर गृहभेट होते. घरी येऊन परिस्थिती बघतात, अहवाल तयार होतो आणि प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. मुलाला घेऊन समितीपुढे बोलावलं तर त्या दिवशी मूळ कागद न्या. मंजुरीचा आदेश समितीच देते. पैसे मात्र ठरल्या तारखेला दरमहा येतीलच असं नाही, कधी काही महिन्यांचे एकदम जमा होतात. यात घरांची फार ओढाताण होते आणि हे सुधारायलाच हवं. तोवर शाळेचं नवं बोनाफाईड दरवर्षी वेळेवर देत राहा.

विधवा आईने स्वतःसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करावी. तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये इतकी कमी आहे, त्यामुळे सगळ्याच त्यात बसत नाहीत.

मूल कुणाकडे आहे, त्याचे हाल होत आहेत का, अशी शंका असेल तर १०९८ या क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं.

अर्ज देताना त्याची एक झेरॉक्स सोबत ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. नंतर चौकशीला गेलात की पहिला प्रश्न ‘पोहोच आहे का?’ हाच असतो.