उतारा होता, वेळ हातचा जात होता

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांची गोष्ट गोठ्यातून सुरू होते. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून वाट काढत जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला, सोबत मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा कॅन. त्या शोधातून वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध निघालं. १९४८ मध्ये ते उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांचं औषध झालं.

के जीवनसत्त्व हा त्याचा उतारा तेव्हाच ठाऊक होता. पण ते शिरेतून दिलं तरी यकृताला रक्त गोठवणारे घटक नव्याने तयार करावे लागतात, त्यात कित्येक तास जातात. ही गोळी घेताना डोक्यात रक्तस्राव झालेल्या रुग्णाकडे तेवढे तास नसतात, मेंदूत साचणारं रक्त वाढतच राहतं. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे हे गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव भाग, चढवायची पद्धत पडली. त्यातही रक्तगट बघा, गोठवलेल्या पिशव्या वितळवा आणि मग आधीच थकलेल्या हृदयावर लिटरभर द्रवाचा भार टाका.

तेच घटक पावडरच्या रूपात, थोडक्या द्रवात देणारं औषध म्हणजे प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स. यात रक्तगट जुळवावा लागत नाही. २०१६ च्या एका छोट्या जर्मन चाचणीत तीन तासांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; रक्त जितकं पातळ तितका तो जास्त) १.२ पर्यंत उतरलेले रुग्ण या औषधाच्या गटात ६७ टक्के होते, प्लाझ्माच्या गटात फक्त ९ टक्के.

तरीही खरा उशीर होत होता तो फोन, फॉर्म आणि परवानग्यांत. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड रॉयल रुग्णालयाने तिथेच हात घातला. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत उतारा द्यायचा, हे उद्दिष्ट ठरवलं. सोबत रक्तदाबही झपाट्याने खाली आणायचा. २०२३ च्या इंटरॅक्ट-३ चाचणीने अशी एकत्रित, घड्याळ लावून केलेली काळजी सात हजारांवर रुग्णांत तपासली. त्यात भारतही होता, आणि रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं.

आपल्याकडे हृदयात कृत्रिम झडप बसवलेले कितीतरी लोक अ‍ॅसिट्रॉम या वॉरफरिनसारख्याच गोळीवर असतात आणि महागड्या औषधाअभावी अजूनही अनेक ठिकाणी प्लाझ्माच चढतो. त्यात डॅबिगाट्रान, अ‍ॅपिक्सबॅनसारख्या नव्या गोळ्यांचा असर आयएनआरमध्ये नीट दिसत नाही. तिथे डॉक्टरांना नातेवाइकांकडूनच कळतं, गोळी कोणती होती आणि शेवटची किती वाजता घेतली.