फ्लॉपी डिस्कची क्षमता व ऑपरेटिंग सिस्टीमचा आकार

फ्लॉपी डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली, लवचिक प्लास्टिकची, पाकिटात बसवलेली चकती. आयबीएमने १९७१ मध्ये आणलेल्या ८ इंची फ्लॉपीत सुमारे ८० केबी माहिती मावे. पुढे १९७६ मध्ये सव्वापाच इंची आणि १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची फ्लॉपी आली. आयबीएम पीसीच्या फ्लॉपीची क्षमता १६० केबीपासून (१९८१) ३६० केबी, १.२ एमबी (१९८४) असे करत १९८७ मध्ये १.४४ एमबीवर पोचली आणि तिथेच थांबली. २.८८ एमबीची फ्लॉपी निघाली, पण ती कोणी फारशी घेतली नाही.

१.४४ हा आकडा तसा गमतीचाच. ८० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळे), २ बाजू, प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर (भाग) आणि सेक्टरमागे ५१२ बाइट यांचा गुणाकार १४,७४,५६० बाइट होतो. त्याला एकदा १,०२४ ने आणि एकदा १,००० ने भागले की १.४४ येते, एकच माप धरले तर १.४७ किंवा १.४१.

ऑपरेटिंग सिस्टीम मात्र थांबल्या नाहीत. पहिल्या पीसी-डॉसच्या (आयबीएम पीसीची ऑपरेटिंग सिस्टीम) तीन मुख्य फायली मिळून जेमतेम १२ केबीच्या होत्या. १९९४ च्या एमएस-डॉस ६.२२ मध्ये त्याच फायली सुमारे १३० केबी झाल्या, तरी ‘फॉरमॅट ए: /एस’ ही आज्ञा देऊन केलेल्या बूट फ्लॉपीवर (संगणक सुरू करणाऱ्या फ्लॉपीवर) बरीच जागा उरे. विंडोज ९५ ला १३ फ्लॉप्या लागल्या, आणि त्याही बहुतेक जादा सेक्टर पाडून १.६८ एमबी केलेल्या. अशा संचातली एक जरी बॅड सेक्टरची (खराब भागाची) निघाली की इन्स्टॉलेशन तिथेच अडे. विंडोज ११ ला ६४ जीबी जागा लागते, म्हणजे चाळीस हजारांहून जास्त फ्लॉप्या. उलट नव्वदच्या दशकाच्या अखेरीस क्यूएनएक्स या कंपनीने ब्राउझरसकट अख्खी सिस्टीम एकाच फ्लॉपीवर बसवून दाखवली होती. आकार वाढणे सर्वस्वी अटळ नव्हते.

ऑपरेटिंग सिस्टीम सीडीवर गेल्यावर फ्लॉपी उरली ती फाइल नेण्या-आणण्यापुरती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या डीटीपीवाल्यांना (संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांना) तेवढी पुरत असे. लग्नपत्रिकेची पेजमेकर या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली फाइल फ्लॉपीवर टाकून छापखान्यात न्यायची, सोबत फॉन्टही द्यायचा. युनिकोड ही अक्षरांची सामाईक संकेतपद्धत येण्यापूर्वीचा मराठी फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलतीच चिन्हे उमटत. फोटो टाकलेली फाइल १.४४ मध्ये बसली नाही की एआरजे या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामने तुकडे करून दोन-तीन फ्लॉप्यांवर वाटायची. त्यात लग्नसराई ऐन वैशाखातली. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि साडेतीन इंची फ्लॉपीची सहनशक्ती साधारण ५० अंशांपर्यंतच. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत ती मर्यादा सहज ओलांडली जाई. त्यामुळे जाणता ऑपरेटर एकच फाइल दोन फ्लॉप्यांवर देई आणि राइट-प्रोटेक्टची (फाइल चुकून पुसली जाऊ नये म्हणून असलेली) खिटी सरकवल्याशिवाय फ्लॉपी हातात ठेवत नसे.

पेन ड्राइव्ह स्वस्त झाल्यावर हे सगळे मागे पडले. सोनीने २०११ मध्ये जपानातली फ्लॉपीची विक्री बंद केली.