जठर वाचवण्याकडे

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात. पचनमार्गाच्या या वरच्या भागात काही गंभीर बिघडलं, तर बराच काळ डॉक्टरांच्या हाती एकच मोठा उपाय होता : कापून काढणं. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली जठराचा कर्करोग झालेला भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडलं. रुग्ण स्त्री त्या शस्त्रक्रियेतून उठली, पण आजार आधीच पसरलेला असल्यामुळे काही महिन्यांत ती गेली. पुढे साध्या अल्सरसाठीही जठराचा मोठा भाग काढला जाऊ लागला. त्यातून जीव वाचायचा, पण दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, जेवणानंतर घाम फुटायचा, धडधडायचं, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडायचं. म्हणूनच या क्षेत्रातल्या संशोधनाकडे बघताना मला नव्या औषधांच्या नावांपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : किती रुग्णांचं जठर, किती जणांची अन्ननलिका आता जागच्या जागी राहते?

पहिलं मोठं वळण ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये आलं. जठरातल्या तीव्र आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. तिथले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना मात्र सूज आलेल्या जठराच्या तुकड्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू वारंवार दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल यांच्यासोबत ते जंतू प्रयोगशाळेतल्या बशांत वाढवायचा प्रयत्न चालू होता, पण हाती काही लागत नव्हतं. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस उबेत राहिल्या आणि त्यांत जंतू वाढलेले सापडले. ते मुळात सावकाश वाढणारे, आणि नेहमीच्या बशा त्याआधीच टाकून दिल्या जात होत्या. हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरीएज नावाच्या विकराने युरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे त्याच्याभोवतीचं आम्ल निष्प्रभ होतं. जठराची सूज आणि अल्सर यामागे हा जंतू आहे, हे लोक ऐकेनात तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली या जंतूंचं द्रावण स्वतः प्यायलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

त्यानंतर असंख्य लोकांचा अल्सर शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत न जाता गोळ्यांनी बरा होऊ लागला. कर्करोगाच्या बाबतीत हा शोध त्याहून मोलाचा ठरला, कारण जठराच्या बहुतेक कर्करोगांमागे याच जंतूचा दीर्घकाळचा संसर्ग असतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून प्रौढ रहिवाशांची सरसकट तपासणी करून जंतूवर उपचार केले गेले, आणि पुढच्या वर्षांत तिथलं जठराच्या कर्करोगाचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अडचण आहे ती जंतू औषधांना दाद न देण्याची. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक पूर्वीसारखं हमखास लागू पडत नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. तो संपला की बरं वाटलं म्हणून विषय सोडू नये. किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून जंतू खरंच गेलाय का, हे बघावंच लागतं. आम्ल कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळ्या त्याआधी दोन आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवायच्या असतात, नाहीतर जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते.

कर्करोग झालाच, पण अगदी वरच्या अस्तरात असताना सापडला, तर जपानमध्ये विकसित झालेलं एक तंत्र जठर वाचवू शकतं. पोटावर एकही छेद न घेता सगळं काम तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून होतं. आधी निळा रंग फवारून बिघडलेल्या भागाची कड नीट पाहतात, तिच्याभोवती बारीक चटके देऊन खुणा करतात. मग अस्तराखाली सुईने द्रव सोडतात, म्हणजे तो भाग फुगून खालच्या स्नायूंपासून सुटा होतो. त्यानंतर विजेवर चालणाऱ्या बारीक सुरीने कडेने कापत तो अखंड सोलून काढतात. काही सुऱ्यांच्या टोकाला सिरॅमिकचा छोटा गोळा असतो, जठराच्या भिंतीला भोक पडू नये म्हणून. काढलेला तुकडा टाचण्यांनी ताणून बसवतात आणि कडेपर्यंत, खोलवर कर्करोगाच्या पेशी आहेत का हे तपासतात. काही मिलिमीटरच्या या पट्टीवरच ठरतं, पुढे मोठी शस्त्रक्रिया लागणार की नाही.

पुढे गेलेल्या आजारात शस्त्रक्रिया अजूनही टळत नाही, पण तिच्या आधी आणि नंतर दिलेल्या औषधांनी चित्र बरंच बदललंय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत चार औषधांच्या ‘फ्लॉट’ केमोथेरपीने मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेलं. पसरलेल्या आजारात आता गाठीची प्रथिनं तपासून औषध निवडतात : हर-२ असेल तर ट्रास्टुझुमॅब, क्लॉडिन १८.२ असेल तर झोल्बेटुक्सिमॅब. हे दुसरं प्रथिन जठराच्या निरोगी अस्तरातही असतं, त्यामुळे मळमळ आणि उलट्यांचा त्रास बराच होतो. आणि फायदा काही महिन्यांचाच आहे, हेही रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं.

मला सर्वांत आशादायक वाटते ती नेदरलँड्समधली ‘सानो’ चाचणी. अन्ननलिकेच्या कर्करोगावर केमो आणि रेडिएशन दिल्यानंतर काही रुग्णांत गाठीचा मागमूस उरत नाही. अशांची अन्ननलिका लगेच न काढता ठरावीक अंतराने दुर्बीण, बायोप्सी आणि स्कॅन करत राहायचं, आणि गाठ परतली तरच शस्त्रक्रिया करायची, असं ठरलं. दोन वर्षांनी देखरेखीखालच्या गटातले ७४ टक्के रुग्ण हयात होते, लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांतले ७१ टक्के. हा मार्ग निवडणाऱ्याला एकही तपासणी चुकवून चालत नाही. जास्त वर्षांचे आकडे हाती आले की कळेल, किती जणांना अन्ननलिका कायमची राखता आली.