एक्स्पोचे चिन्ह आणि ट्रान्समीटरच्या मांडणीचा गुंता

मॉडेल विमाने जमिनीवरून उडवण्याच्या रेडिओ-कंट्रोल ट्रान्समीटरच्या मांडणीविषयी, म्हणजे त्यातल्या सेटिंगविषयी, आज ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आहे. मायक्रोप्रोसेसर आणि छोटा एलसीडी पडदा या उपकरणांत रुळू लागला तो हाच काळ. त्याआधी ट्रिम, म्हणजे नियंत्रणाचा मध्य किंचित सरकवण्याची सोय, ही स्टिकशेजारची सरकती पट्टी असे, आणि हवेतल्या मॉडेलवरची नजर न काढता ती अंगठ्याने चाचपली की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग) किती खाली घेतला आहे हे कळे. त्याहून जुन्या, कंप पावणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या रीड सेटमध्ये प्रत्येक दिशा स्वतंत्र चॅनल (संकेताचा मार्ग) मोजली जाई, त्यामुळे १० चॅनलच्या सेटवर पाचच नियंत्रणे चालत. पुढे फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या काळात त्या फ्रीक्वेन्सीलाही चॅनलच म्हटले गेले. शब्दांचा गोंधळ तेव्हापासूनचा आहे.

पडद्याबरोबर अनेक मॉडेलांची मांडणी एकाच ट्रान्समीटरमध्ये साठवण्याची सोय आली, आणि ती खरोखर मोठी होती. मात्र चार-सहा बटणे आणि तीन अक्षरी संक्षेप यांच्या आधारे डझनावारी मेन्यू चालवणे वापरणाऱ्याच्या वाट्याला आले. डिजिटल ट्रिमची कळ दाबून सोडली की मध्यावर परतते, म्हणून बोटाला काहीच समजत नाही; उरतो तो फक्त बीप. चुकीच्या मॉडेलची मांडणी निवडलेली राहिली तर एलरॉन (विमान कलते करणारे पंखांवरचे पृष्ठभाग) उलट चालू शकतात, आणि उड्डाणापूर्वी स्टिक हलवून पाहिली नसेल तर हे चाके जमिनीवरून उचलल्यावर लक्षात येते.

सर्वांत जास्त वाद मात्र एक्स्पोच्या चिन्हावरून झाला आहे. एक्स्पो (एक्स्पोनेन्शियल) हे सेटिंग स्टिकच्या मध्याजवळची प्रतिक्रिया मऊ करते आणि टोकाला पूर्ण हालचाल तशीच ठेवते. एका उत्पादक घराण्याच्या ट्रान्समीटरवर हा मऊपणा मिळवण्यासाठी अधिक ३० टक्के भरावे लागतात, तर दुसऱ्यावर उणे ३०. संवेदनशीलता कमी होते म्हणून उणे, हा एक युक्तिवाद. परिणाम वाढतो म्हणून अधिक, हा दुसरा. दोन्हींना तर्क आहे, पण उडवणारा ‘एक्स्पो वाढव’ म्हणतो तेव्हा त्याला मऊपणाच वाढवायचा असतो, त्यामुळे अधिक चिन्हाची पद्धत बोलण्याच्या जवळची आहे असे मानायला हवे. जुन्या ट्रान्समीटरवरचे आकडे दुसऱ्या घराण्याच्या नव्यावर जसेच्या तसे उतरवणाऱ्याचे मॉडेल मध्याजवळ मऊ होण्याऐवजी विलक्षण तीक्ष्ण होते: अंगठा जरासा हलला तरी नाक वर-खाली उसळते आणि ते सावरण्याच्या प्रयत्नात उसळी वाढतच जाते. पडद्यावर वक्र काढलेला असेल तर चूक वेळेत दिसते, कारण मध्याजवळ रेषा आडवी हवी, उभी नको. अनेक वर्षे स्वस्त सेटवर तो वक्रही नव्हता, नुसता आकडा होता. दोन अक्षरे जास्त खर्च करून ‘मऊ’ किंवा ‘तीक्ष्ण’ असे लिहिले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

२००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा आली आणि क्रिस्टल, कोण कोणती फ्रीक्वेन्सी वापरतो हे दाखवणारे झेंडे व फ्रीक्वेन्सींची वाटणी मागे पडली. मॉडेलमधला रिसीव्हर बाइंड करायचा, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडून द्यायचा, आणि उडवायचे, इतके ते सोपे झाले. काही यंत्रणा निवडलेले मॉडेल आणि रिसीव्हर यांची जुळणी तपासतात, काही तपासत नाहीत, आणि कोणती काय करते हे डब्यावर क्वचितच लिहिलेले असते.

२०१० नंतर मुक्त स्रोत फर्मवेअरने, म्हणजे ट्रान्समीटरच्या आतल्या खुल्या सॉफ्टवेअरने, कोणतीही कळ कोणत्याही कामाला जोडण्याची मुभा दिली. बोलून सांगणारे इशारेही दिले, आणि डिजिटल ट्रिमने हिरावलेले काहीसे त्यातून परत मिळाले. त्याच सुमारास अनेक घराण्यांच्या रिसीव्हरशी बोलणारी मॉड्यूल आली आणि जुने मतभेद एकाच खोक्यात एकत्र आले. थ्रॉटल (मोटरच्या जोराचे नियंत्रण) कोठे पहिल्या चॅनलवर असतो, कोठे तिसऱ्या. हा क्रम चुकला तर मध्यावर उभ्या एलरॉन स्टिकचा १.५ मिलिसेकंदांचा पल्स मोटरच्या नियंत्रकाला अर्धा थ्रॉटल वाटतो, म्हणून जाणते लोक पहिली जोडणी प्रोपेलर काढूनच करतात.