रेजेक्सने ईमेल पत्ते वेचणे

लांबलचक मजकुरातून फक्त ईमेल पत्ते बाजूला काढण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले रेजेक्स, वापरण्याची पद्धत. रेजेक्समध्ये शब्द दिला जात नाही, शब्दाची ठेवण सांगितली जाते. स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये याचे गणित मांडले. केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये ते मजकूर शोधायला जुंपले.

पत्त्याची हमखास खूण म्हणजे @. नेहमीचा नमुना असा: आधी अक्षरे, आकडे, टिंब, अधिकचिन्ह यांपैकी काहीही, निदान एकदा, मग @, मग डोमेन (म्हणजे @नंतरचे संस्थेचे किंवा सेवेचे नाव), टिंब आणि शेवटी किमान दोन अक्षरे. टिंबाआधी तिरपी रेघ हवी (\.), नाहीतर ते टिंब कुठल्याही अक्षराला चालते. जुन्या नमुन्यांत शेवटी ‘दोन ते चार अक्षरे’ अशी अट असे. ‘डॉट म्युझियम’सारखी लांब शेपटे आल्यावर ती निकामी झाली. ईमेलच्या प्रमाणकातला प्रत्येक अपवाद एका नमुन्यात बसवण्याचा मात्र नाद करू नये.

मराठी मजकुरात खरी गंमत विभक्तीची. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीचे पत्रक घ्या: ‘कास्टिंगच्या कोटेशनसाठी अमुक@तमुक.कॉमवर कळवा.’ प्रत्यक्षात पत्ता इंग्रजी लिपीत असला तरी ‘वर’ त्याला चिकटलेला. पायथॉन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेत नमुन्याच्या टोकाला शब्दसीमेची, म्हणजे ‘शब्द इथे संपतो’ असे सांगणारी, खूण (\b) लावली, तर देवनागरी ‘व’सुद्धा शब्दातलेच अक्षर ठरते, सीमा सापडत नाही आणि अख्खा पत्ता निसटतो. ती खूण काढून शेपटात फक्त इंग्रजी अक्षरे मान्य केली की काम फत्ते.

‘डॉट भारत’ हे देवनागरी शेपूट २०१४ पासून मिळते, तिथे अडचण उलटी. पायथॉनच्या मूळ रेजेक्स-मॉड्यूलमध्ये ‘शब्दातले अक्षर’ या खुणेत (\w) मात्रा, वेलांट्या आणि हलन्त धरलेले नाहीत. त्यामुळे ‘कोल्हापूर’ या शब्दाचे क, ल, ह, प, र असे पाच तुकडे पडतात. विक्री@नमुना.भारत हा पत्ता तर हातीच लागत नाही, कारण @च्या आधी वेलांटी उभी. अशा ठिकाणी मात्रांचा वर्ग नमुन्यात वेगळा घालावा लागतो.

सापडलेला पत्ता चालू आहे की बंद, हे रेजेक्सला कळत नाही; ते पत्र पाठवल्यावरच समजते.