खेळपिशवीसोबतचं माहितीपत्रक: कोणतंही मूल कडेला बसू नये म्हणून

नमस्कार गुरुजी, नमस्कार बाई.

हे पत्रक पिशवीत मुद्दाम सगळ्यात वर ठेवलं आहे. चेंडू आणि दोर मुलांच्या हाती देण्याआधी एकदा वाचून घ्या, अशी विनंती. पिशवी पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. आतल्या वस्तू आम्ही कुडाळजवळच्या आमच्या लहानशा कारखान्यात बनवतो. काथ्या, बांबू, सुती कापड आणि आंब्याचं लाकूड एवढाच आमचा कच्चा माल. पण वस्तू कितीही चांगल्या असल्या तरी खेळ लावायची रीत चुकली, तर निम्मी मुलं पायरीवर बसून राहतात. म्हणून हे लिहिलं आहे.

आधी थोडा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. आठवड्यातून किमान तीन दिवस ती जोरकस असावी, हाडं-स्नायू बळकट करणारी असावी. पूर्वी वाडीवरून शाळेत चालत येण्यातच यातला बराच भाग होऊन जायचा. आता बरीच मुलं रिक्षा-व्हॅनने येतात, त्यामुळे शाळेतल्या खेळाच्या तासावर भार वाढला आहे.

तासात नक्की काय होतं ते बघू. खो-खोत एका वेळी मैदानात एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे असतात. दोन्ही बाजूंचे मिळून १८ खेळाडू धरले, तर धावतात चार. आठ जण पाटीवर बसलेले आणि सहा जण पाळीची वाट बघणारे, म्हणजे १४ बसूनच. रिलेची शर्यत घ्या. २४ मुलांच्या दोन रांगा केल्या की दोन पळतात आणि बावीस ओरडतात. मजा सगळ्यांना येते, पण हालचाल दोघांचीच होते.

आणि ‘बाद’ची गोष्ट वेगळीच. पकडापकडीत सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात मंद पळणारं मूल. खरं तर पळण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते. आपण त्यालाच पहिल्या मिनिटाला आंब्याच्या सावलीत बसवतो, आणि चपळ मुलांना आणखी वीस मिनिटं पळू देतो. वर्षभर असं झालं की ते मूल तासाच्या आधीच पोट दुखतंय म्हणू लागतं. आमच्या कारखान्यातल्या एकीपेक्षा जास्त जणींनी स्वतःच्या शाळेची हीच आठवण सांगितली आहे. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: शाळेच्या तासाला ‘बाद’ ठेवू नका. स्पर्धेत तो नियम असू दे, तिथे तो हवाच.

बाद न करता तेच खेळ

खेळ नवे नाहीत, तुम्ही-आम्ही खेळलेलेच आहेत. फक्त नियम थोडे हलवायचे.

विषामृत हा सगळ्यात सोपा आणि आमच्या मते सगळ्यात चांगला खेळ. ज्याच्यावर राज्य आहे त्याने हात लावला की विष, मूल जागीच बसलं. सवंगड्याने येऊन हात लावला की अमृत, ते उठून पळालं. म्हणजे या खेळात बाद होणं मुळातच नाही, आणि सुटका करणाऱ्याला जास्त पळावं लागतं. बारा मुलांमागे दोघांवर राज्य द्या. एकावर दिलं तर तो दमून रडकुंडीला येतो. दर दोन मिनिटांनी राज्य बदला. सगळी मुलं एकदम विष होऊन बसली तर वाईट वाटून घेऊ नका, राज्य बदलायची वेळ झाली एवढंच समजा. पिशवीतले लाल रुमाल राज्य असलेल्यांच्या दंडाला बांधायला आहेत.

साखळीतही कोणी बाद होत नाही, पकडलेला साखळीत येतो. पण साखळी सात-आठ जणांची झाली की टोकाचं मूल फरफटतं, आणि जांभ्याच्या खड्यांवर गुडघा सोलला की सोलला. म्हणून साखळी चार जणांची झाली की तोडून दोन-दोनच्या दोन करा.

लगोरी पाचवीपासून वर रंगते. चेंडू लागला की बाद, हा जुना नियम. त्याऐवजी चेंडू लागलेल्याने कडेला खुणेसाठी ठेवलेल्या चुंबळीला (डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात तसं गोल कडं) वळसा घालून परत खेळात यायचं. वळसा किती लांब ठेवायचा ते तुम्ही ठरवा, वीस-पंचवीस पावलं पुरेत. चेंडू गुडघ्याखालीच मारायचा, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक पाळा. आमचे चेंडू चिंधीचे आहेत, कोरडे असताना लागत नाहीत. भिजलेला चिंधीचा चेंडू मात्र दगडासारखा बसतो. पावसात लगोरी नको.

खो-खोसाठी गोल करा. सहा-सहा मुलांचे गट, चार जण बाहेर तोंड करून गोलात बसलेले, एक पाठलागावर, एक पळणारा. पळणारा सापडला की तो पकडणाऱ्याची जागा घेतो आणि डाव चालू राहतो. १८ मुलांत चारऐवजी सहा धावतात, आणि खो पटापट मिळत असल्याने कोणी फार वेळ बसून राहत नाही. मग सातवी-आठवीला खांब रोवून, पाटी आखून खरा खो-खो शिकवा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांत प्रतीक वाईकर आणि महिलांत प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ जिंकले. दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. ही गोष्ट मुलांना जरूर सांगा, खेळाकडे बघायची त्यांची नजर बदलते.

रिलेसाठी पिशवीत १६ चुंबळी दिल्या आहेत, म्हणजे सुरुवातीला एक आणि वळणाला एक अशा आठ रांगा होतात. २४ मुलं असतील तर रांगेत तिघंच उभी राहतात. रुमाल उचलण्याच्या खेळात एकच आकडा पुकारू नका, तीन आकडे एकदम पुकारा आणि मधे तीन रुमाल ठेवा.

मोठ्या मुलांसाठी आट्यापाट्या हा तर ठेवाच आहे, आणि साहित्य शून्य. मूळ मैदानात नऊ पाट्या आणि मधून जाणारी सूरपाटी. तुमच्या अंगणात चार पाट्या मावल्या तरी चालतात. हुलकावणी देणं, अंग चोरणं, एकदम दिशा बदलणं हे इतकं सरळ पळण्यात कधीच येत नाही. कबड्डी तीन-तीन जणांची, तीस सेकंदांची चढाई, एका वेळी दोन-तीन मैदानं. एवढं सांगणं पुरे, बाकी तुम्हाला येतं.

अकरा मुलांची शाळा

आमचे बरेच ग्राहक द्विशिक्षकी शाळा आहेत. चार वर्ग मिळून अकरा मुलं, त्यात पहिलीतलं सहा वर्षांचं आणि चौथीतलं दहा वर्षांचं एकाच खेळात. अशा वेळी लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ करायची आपली जुनी पद्धत. त्यात माया आहे, पण पोराला लवकरच कळतं की आपल्याला पकडलं काय न पकडलं काय, सारखंच. त्यापेक्षा नियमच वेगळे द्या. मोठ्यांनी लंगडी घालत पकडायचं, लहानांनी दोन पायांवर पळायचं. किंवा पहिली-दुसरीतल्याला दोनदा हात लागला तरच तो सापडला. मग त्याला पकडणंही खरं आणि त्याचं सुटणंही खरं. लंगडीने मोठ्यांना चांगलाच दम लागतो, मात्र पाय बदलू द्या आणि अर्ध्या मिनिटाने विसावा द्या.

भिडू निवडताना दोन कप्तान उभे करून एकेकाला बोलावू नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. त्यापेक्षा सारख्या ताकदीच्या दोघांनी बाजूला जाऊन नावं ठरवायची, एक आंबा, एक फणस. येऊन कप्तानांना विचारायचं, आंबा हवा की फणस? कप्तानाला माहीतच नसतं कोण काय आहे. आपल्या आधीच्यांनी ही रीत फार विचार करून घातली असावी.

ज्या मुलाला नीट दिसत नाही त्याच्यासाठी पिशवीत घुंगरू शिवलेला एक चेंडू आहे. दमा असलेल्या मुलाला बाहेर बसवू नका, हळूहळू अंग तापवून मग खेळात घ्या, आणि त्याचा पंप त्याच्या दप्तरात न राहता तुमच्या खिशात असू दे.

अंगण, पडवी आणि पुळण

आपल्याकडचं अंगण म्हणजे तांबडी माती आणि जांभ्याचे खडे. खेळाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी रांगेत चालत खडे वेचायचे, याचंच अंग तापवणं होतं. पावसाळ्यानंतर चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं, तिथून पळण्याची वाट जाऊ देऊ नका. माडाखाली खेळ नको, हे सांगायला नको, पण सावलीच्या मोहाने आपण तिथेच जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गडगा, दगड रचून केलेलं कुंपण. लगोरीसाठी मुलं गडग्यातले चपटे दगड उपसतात. फुरसं हा साप, तो अशाच दगडांच्या फटीत बसतो, लहान असतो, रंगाने मातीत मिसळतो, आणि विषारी असतो. म्हणूनच आम्ही लगोरीला आंब्याच्या लाकडाच्या सात चकत्या देतो. चेंडू गडग्यात गेला तर हात घालायचा नाही, काठीने ओढायचा. हे मुलांकडून पाठ करून घ्या.

आखणीला फक्की (चुन्याची पूड) बरी, पण पावसाळ्यात ती तासाभरात वाहून जाते. त्यासाठी काथ्याचा सुंभ दिला आहे. तो जमिनीला चपटा बसतो, चुंबळीही तशाच. पायाखाली आल्या तरी घसरत नाहीत. करवंट्या खुणेला ठेवू नका, पाय पडला की फुटतात आणि कड सुरीसारखी लागते.

जून ते सप्टेंबर बहुतेक तास पडवीतच जातात. पडवीत पळापळ नको, ओल्या फरशीवर डोकं आपटतं. तिथे दोरीउड्या, तळ्यात-मळ्यात, दोघांत एक चुंबळ धरून ओढाओढ, भिंतीशी अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखं टेकून राहणं, असले जागच्या जागी दम काढणारे खेळ घ्या. तळ्यात-मळ्यात चुकलेल्याने बाहेर जायचं नाही, पाच उड्या मारून परत आत.

पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, जवळ असेल तर महिन्यातून एकदा मुलांना जरूर न्या. ओहोटीने उघडी पडलेली ओली, टणक वाळू म्हणजे देवाने दिलेलं मैदान. कबड्डीची पकड तिथेच शिकवावी. कोरड्या वाळूत पाय रुततो, तिथे तेवढंच अंतर पळालं तरी जास्त दम लागतो. वेळ ठरवायला कोळीबांधवांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तरी स्थानिक खलाशाला विचारल्याशिवाय निघू नका, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर नाहीच. एक शिक्षक कायम समुद्राच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून उभा. चेंडू पाण्यात गेला तर गेला, आम्ही दुसरा देऊ.

मार्च ते मे दमट उकाडा असतो. खेळ सकाळी दहाच्या आत आटपा आणि दर दहा मिनिटांनी पाणी पाजा, तहान लागायची वाट बघू नका.

जमतंय की नाही, कसं ओळखावं

गोंगाटावरून ओळखू नका. एकच मूल निवडा, शक्यतो मंद पळणारं, आणि पाच मिनिटं फक्त त्याच्या पायांकडे बघा. पाय हलत होते तेवढी सेकंदं मोजा. अर्ध्याहून कमी भरली तर गट लहान करा, राज्य वाढवा किंवा नियम बदला. दुसऱ्या दिवशी दुसरं मूल.

दोराबद्दल कबुली

पहिल्या वर्षी आम्ही रस्सीखेचीला काथ्याचा दोर दिला होता. एका शाळेतल्या मुलांचे तळहात सोलले. चूक आमची होती. आता दोर जाड सुती असतो. तरी तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळू देऊ नका, सहा-सहा जणांपेक्षा मोठे गट करू नका, आणि हरणाऱ्यांनी दोर एकदम सोडायचा नाही हे आधी सांगा.

काथ्याच्या वस्तूंना खारं पाणी मानवतं. सुती दोर आणि चेंडू मात्र ओले पिशवीत बांधून ठेवले की कुजतात, पडवीत दांडीवर वाळवा. उसवलेले चेंडू टाकू नका. मे महिन्यात शाळा बंद असताना पिशवी आमच्याकडे पाठवा, शिवून, चकत्या घासून, जूनच्या आधी परत देतो. पहिल्या वर्षीची दुरुस्ती मोफत. काही वस्तू कमी भरली किंवा तुमच्या वाडीत एखादा खेळ वेगळ्या नियमाने खेळला जात असेल, तर पावतीवरच्या क्रमांकावर कळवा. पुढच्या पत्रकात घालू.